गप बसण्याचा पगार

सुरेखाताईंच्या दुकानात टीव्ही आहे तो गिऱ्हाइकांसाठी. स्वतःच्या मर्जीनं सिरियल बघणाऱ्या माणसाला आधी डॉक्टरकडे न्यावं, असं त्यांचं मत. पण देवळाली प्रवरात ब्लाउज शिवून पोट भरायचं तर सिरियलपासून सुटका नाही. बाई दुकानात शिरते, पिशवीतून कापड काढते आणि म्हणते, "ताई, परवा ईश्वरीनं घातलं होतं ना, तसंच पाहिजे." आता ईश्वरी कोण, परवा तिनं काय घातलं होतं, बाही कोपरापर्यंत होती की वर, पाठीला गळा गोल होता की मटका, हे टेलरला माहीत नसेल तर ती बाई कापड परत पिशवीत घालते आणि पुढच्या दुकानात जाते. म्हणून संध्याकाळी सात वाजता टीव्ही लागतो. सुरेखाताई मशीनवर, भिंतीला टेकून एक बाक, आणि बाकावर आम्ही.

मी अंगणवाडीत शिकवते. आमच्या घरी टीव्हीवर सासऱ्यांची मालकी. ते बातम्या लावतात आणि रिमोट मुठीत धरून झोपतात. माझ्याशेजारी बसणाऱ्या रंगुबाईंच्या घरी नातवंडांचं क्रिकेट चालतं. असे आम्ही सगळे घरच्या टीव्हीवरून हाकललेले लोक सुरेखाताईंच्या बाकावर जमायचो आणि 'माप ओलांडताना' नावाची सिरियल बघायचो.

ती ज्यांनी बघितली नाही त्यांचं काही बिघडलेलं नाही. एक मोठा बंगला. घरात पंधरा-वीस माणसं, त्यातलं एकही कामाला जात नाही. नायक कुठल्याशा कंपनीचा मालक आहे, पण कंपनी कापडाची की खताची, हे शेवटपर्यंत कळलं नाही. तो फोनवर "मीटिंग कॅन्सल करा" एवढंच बोलतो. सून ईश्वरी काठापदराची साडी, नथ आणि गजरा घालून झोपते आणि तशीच उठते. कुणीही खोलीचं दार लावत नाही, त्यामुळे प्रत्येक कटकारस्थान दाराबाहेर उभं असलेल्या माणसाला आपोआप ऐकू जातं. एखादी गोष्ट कुणाला कळली की पडद्यावर त्याचा चेहरा तीन वेळा दाखवतात, मग बाकी सगळ्यांचे चेहरे, मग परत त्याचा. तेवढ्यात सुरेखाताईंची एक बाही बेतून व्हायची.

त्या चेहरे बघायच्याच नाहीत. त्या कपडे बघायच्या, आणि तेही बारीक डोळ्यांनी. एकदा ईश्वरी नवऱ्याला डोळ्यांत पाणी आणून काहीतरी सांगत होती. रंगुबाईंनी पदर डोळ्यांना लावलेला. सुरेखाताई म्हणाल्या, "हे ब्लाउज भाड्याचं हाय. दोन मापं मोठं. मागनं पिना लावल्यात, म्हनून ती पाठ फिरवना." त्यानंतर आम्हाला ईश्वरीच्या दुःखात पिनाच दिसू लागल्या.

"तू बघू देशील का न्हाई?" रंगुबाई चिडायच्या.

"बघा की. मी कुठं डोळं झाकलं तुमचं?"

दुसऱ्या एका सिरियलमध्ये शेतकरी दाखवला होता. ऊस कमरेएवढा आणि शेतकऱ्याच्या पांढऱ्या शर्टाला इस्त्री. त्याची बायको डोक्यावर पाटी घेऊन बांधावरून येते, पाटीत भाकरी, आणि नखांना नेलपॉलिश. आमच्या रस्त्यावरून हंगामात दिवसरात्र उसाच्या ट्रॉल्या जातात. त्यांच्या आवाजात त्या बाईचे संवाद बुडायचे, आणि सुरेखाताई म्हणायच्या, बरं झालं. एका सिरियलमधली सासू नटी बदलल्यामुळे एका सोमवारी दुसरीच निघाली. उंचीला वीतभर कमी. घरातल्या एकालाही फरक जाणवला नाही. सुरेखाताईंनी मशीन थांबवलं. "पोटच्या पोरानं आई वळखली न्हाई. आन हे कुटुंब एकत्र ऱ्हावं म्हनून आपन रडायचं."

त्यांचा हा तिटकारा आजचा नाही. लग्न होऊन त्या अकोले तालुक्यात गेल्या होत्या, भंडारदऱ्याच्या वाटेवर. नवऱ्याची जीप होती. धरण बघायला येणाऱ्यांना तो फिरवायचा. फिरवता फिरवता तो घोटीला एका बाईकडे राहू लागला. गावाला ठाऊक, घराला ठाऊक, पण घरात कुणी चकार शब्द काढायचं नाही. त्यांच्याकडे नुकताच रंगीत टीव्ही आला होता. सासू रोज संध्याकाळी एक सिरियल लावायची आणि सुनेला समोर बसवायची. त्यातल्या सुनेचा नवराही बाहेर गुंतलेला, आणि ती तुळशीपुढे दिवा लावून वाट बघत बसलेली. सासू म्हणायची, "बघ, ह्याला म्हनत्यात संसार."

सुरेखाताईंनी ते मनावर घेतलं. तेव्हा त्यांना शहाणपण नव्हतं, असं त्याच सांगतात. त्यांना वाटायचं, सिरियल संपता संपता आपलाही नवरा येईल. सिरियलमधला आला. बायकोच्या पायाशी बसला, तिनं त्याला उठवलं, घरातल्या सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. जीपवाला एकदाच आला, आपले कपडे न्यायला. त्यानंतर वडील जाऊन सुरेखाताईंना इकडे देवळालीला, माहेरी घेऊन आले. वडिलांनी जुनं शिवणयंत्र घेऊन दिलं, त्यावर त्या शिकल्या, आणि रस्त्याकडेला हे दुकान टाकलं.

"तिकडं मी एकटीनं सहाशे एपिसोड काढले," त्या कधीतरी म्हणतात. "फुकटात."

आता दिशाचं. दिशा गेल्या वर्षी लग्न होऊन आमच्या आळीत आली. माहेर नगरच्या पलीकडे, हिवरे बाजारच्या जवळचं एक गाव. तिनं रक्त-लघवी तपासणीचा कोर्स केलेला, आणि लग्नाआधी वर्षभर नगरला एका लॅबमध्ये कामाला होती. लग्न ठरवताना सासरचे म्हणाले होते, नोकरीचं पुढं बघू. लग्नानंतर ते कुणी बघितलं नाही. सासरची जमीन चांगली, ऊस, घरी दोन ट्रॅक्टर. सासरे रंगनाथराव कमी बोलणारे. नवरा अमृत आईपुढे त्याहून कमी बोलणारा. घरात आवाज एकट्या सविताबाईंचा, म्हणजे दिशाच्या सासूचा.

सविताबाई दुष्ट होत्या असं मी म्हणणार नाही. त्यांनी सुनेवर कधी हात उगारला नाही, तिला उपाशी ठेवलं नाही. फक्त तिनं काय घालावं, कुणाशी किती बोलावं, माहेरी फोन कधी करावा, हे सगळं त्या ठरवायच्या. त्या 'माप ओलांडताना'च्या पक्क्या भक्त. सिरियलमधल्या सासूसारखी ब्लाउजं त्या सुरेखाताईंकडून शिवून घ्यायच्या, पुढून बंद गळा, मागे बटणं. आणि येईल त्याला कौतुकानं सांगायच्या, "आमची दिशा अगदी त्या ईश्वरीसारखी हाय. तोंडातून शब्द निघत न्हाई." दिशा शेजारीच उभी असायची. ती खाली बघायची. आणि बायका म्हणायच्या, खरंच, किती गुणाची.

त्या दिवशी दिशा साडीला फॉल-पिको करून घ्यायला आली होती. साडी व्हायला थोडा वेळ होता म्हणून बाकावर टेकली. टीव्हीवर ईश्वरीवर चोरीचा आळ आला होता. देवघरातला चांदीचा मुकुट नाहीसा झालेला. तो नणंदेनं घेतलाय हे ईश्वरीला माहीत आहे, तिच्या मोबाईलमध्ये त्याचा व्हिडिओही आहे. पण घराण्याची अब्रू जाईल म्हणून ती गप्प. आठवडाभर ती दिवाणखान्याच्या मधोमध उभी होती आणि घरचे लोक आळीपाळीनं तिला बोलत होते. सोमवारी सासू बोलली, मंगळवारी चुलतसासू, बुधवारी घरातली कामवाली बाईसुद्धा बोलली.

"किती सोसती पोर," रंगुबाई म्हणाल्या. "काळीज हाय का दगुड."

सुरेखाताईंनी दोरा दातानं तोडला. "सोसत न्हाई ती. पगार घेती."

"म्हंजी?"

"म्हंजी काय? ती गप ऱ्हाती म्हनून सिरियल चालू हाय. ज्या दिवशी मोबाईल काढून दावंल त्या दिवशी सिरियल बंद, आन हिची नोकरी गेली. तिला गप बसायचा पगार मिळतो. तुमाला कोन देतं?"

बाकावर दिशा हसली. तोंडावर हात ठेवून नाही. चांगली मोठ्यानं, खांदे हलवून हसली. आम्ही सगळ्यांनी तिच्याकडे बघितलं, कारण तिला हसताना कुणी पाहिलंच नव्हतं. तिचे वरचे दोन दात किंचित पुढे आहेत, हे मला तेव्हा कळलं.

हसू आवरल्यावर तिनं विचारलं, "आणि ताई, बोललं तर काय होतं?"

"मला काय म्हाईत. मी पन बोलले न्हवते," सुरेखाताई म्हणाल्या, आणि तिची साडी घडी करून पिशवीत घातली.

पुढचं मला आळीतून कळलं. दोन-तीन दिवसांनी दिशाच्या घरी अमृतची आत्या जेवायला आली होती. सविताबाईंनी सवयीप्रमाणे सुरू केलं, आमची दिशा अगदी ईश्वरीसारखी. दिशा पोळ्या वाढत होती. ती म्हणाली, "आई, ईश्वरीला त्याचे पैसे मिळतात. मला लॅबमध्ये कामाला जायचंय. राहुरीला जागा आहे. मी फोन करून विचारलंय."

आवाज चढवला नाही, रडली नाही. सांगून झाल्यावर आत्याबाईंच्या ताटात पोळी वाढली. आत्याबाईंनी ती मुकाट्यानं खाल्ली. सविताबाईंनी विचारलं, हे कुणी शिकवलं? दिशानं विचार न करता सांगितलं, पैशाचं ते सुरेखाताई बोलल्या होत्या. अमृत ताटात बघत बसला. त्या रात्री त्यांच्या घरात काय झालं कुणास ठाऊक, पण दुसऱ्या दिवशी सकाळी अमृतनं तिला मोटारसायकलवरून नगरला नेलं आणि तिच्या माहेरच्या गावाला जाणाऱ्या एसटीत बसवून दिलं. थोडे दिवस राहून ये, म्हणाला.

त्याच संध्याकाळी सविताबाई दुकानात आल्या. सातची वेळ, बाक भरलेला. त्या पायरीवरच उभ्या राहिल्या.

"सुरेखा, तुला तुझं सासर टिकवता आलं न्हाई. आता दुसऱ्यांची घरं मोडायला बसलीस का?"

टीव्ही चालू होता. रिमोट माझ्या शेजारी होता, पण आवाज कमी करायला माझा हात उठेना. पडद्यावर एक नटी भांड्यांच्या साबणाची जाहिरात करत नाचत होती.

सुरेखाताई जागच्या उठल्या नाहीत. "वैनी, मी तिला काई शिकवलं न्हाई. मी सिरियलला नावं ठेवली."

"सिरियलच्या नावाखाली तू कुनाला बोलतीस ते कळत न्हाई का मला?"

"तुमी सिरियलमधल्या हाय का? मग तुमाला कशाला लागावं?"

"जिभेला हाड न्हाई तुझ्या. म्हनून नवऱ्यानं सोडली."

बाकावरची एक बाई खाकरली. सुरेखाताईंचा चेहरा लाल झाला, पण त्या बोलल्या सावकाश. "त्यानं सोडली तवा मला जीभच न्हवती, वैनी. इतकी चांगली सून हुते मी. तुमाला लई आवडले असते."

त्यांनी मागच्या कपाटातून सविताबाईंचं शिवून ठेवलेलं ब्लाउज काढलं आणि पुढे केलं. सविताबाईंनी ते हिसकावून घेतलं आणि निघून गेल्या.

त्यानंतर दुकान ओस पडलं. सविताबाईंची भिशी होती, त्यातल्या बायका येईनात. त्यांच्या ओळखीच्या येईनात. आळीत बोललं जायचं, एवढी गुणाची सून, हिच्या नादी लागून माहेरी जाऊन बसली. ज्या बायका रोज बाकावर बसून सुरेखाताईंच्या बोलण्याला खिदळायच्या, त्याच आता नळावर म्हणत होत्या की बाईनं एवढं तोंड सोडू नये. मला त्यांची किळस यायची. सिरियलमध्ये ईश्वरीवर खोटा आळ आला म्हणून ह्यांचे पदर भिजतात, आणि आळीतल्या बाईवर आळ आला की ह्या सासूच्या रांगेत उभ्या राहतात. घरच्या घरी बुधवारचा एपिसोड.

सुरेखाताईंनी टीव्ही बंद केला. मी आणि रंगुबाई तेवढ्या जायचो. रंगुबाई बंद पडद्याकडे बघत बसायच्या.

"लाव की. मुकुट सापडला का न्हाई तेवढं तरी बघू."

"सापडत न्हाई अजून. दिवाळीला सापडंल," सुरेखाताई म्हणायच्या. पण त्यात नेहमीची धार नव्हती. एकदा त्या मला म्हणाल्या, "बाई, मी आपली टीव्हीला बोलत हुते. टीव्हीला बोललं तर त्याचं काय बिघडत न्हाई. पन शेजारी जित्तं मानूस बसलेलं असतं, हे माज्या ध्यानातच आलं न्हाई. त्या पोरीचं सासर गेलं तर?"

मी म्हटलं, जाऊन बघून येऊ.

रविवारी आम्ही दोघी निघालो. नगरला उतरून दुसरी गाडी धरली. त्या गाडीत आमच्या पुढच्या सीटवर एक माणूस मोबाईलवर मोठा आवाज करून सिरियल बघत होता. कुठली ते सांगायला नको. ईश्वरी अजून दिवाणखान्यात उभी होती. सुरेखाताईंनी थोडा वेळ सहन केलं, मग पुढे वाकून म्हणाल्या, "भाऊ, कानात घाला की ते. साऱ्या गाडीला कशाला छळता?"

तो म्हणाला, "मावशी, चांगली सिरियल हाय. संस्कार हायेत हिच्यात."

"मग तुमी असं उभं ऱ्हाऊन दावा आठ दिवस," सुरेखाताई म्हणाल्या. त्यानं कानात वायर घातली. त्या दिवसांत मी त्यांना पहिल्यांदाच त्यांच्या नेहमीच्या चालीवर बघितलं.

दिशाच्या माहेरी गोठ्यात गाई होत्या, आणि अंगणात दुधाचे कॅन धुऊन पालथे घातलेले. तिचे वडील बजरंगराव आम्हाला बघून गोंधळले. आम्ही सासरकडून आलो की काय, असं त्यांना वाटलं. दिशानं ओळख करून दिली तेव्हा त्यांनी सुरेखाताईंकडे नीट बघून घेतलं. "तुमीच का त्या," एवढंच म्हणाले, आणि चहा सांगितला.

चहा झाल्यावर सुरेखाताई म्हणाल्या, "दिशा, माज्या बोलन्यावर जाऊ नको. मी लई बोलते. माज्यावर इसंबून कुनी संसार करू नये आन मोडू पन नये."

दिशानं त्यांच्याकडे जरा चमकून बघितलं. "ताई, मी तुमच्या बोलण्यावर नाही गेले. लॅबला फोन मी त्याच्या आधीच केला होता. दिवाळीपासून मनात होतं."

"मग सासूला माजं नाव कशाला सांगितलंस?"

"आईंनी विचारलं हे कुणी शिकवलं. पैशाचं वाक्य तुमचं होतं म्हणून तुमचं नाव सांगितलं. नोकरीचं माझं होतं." तिनं रिकामे कप गोळा केले. "तुमच्या दुकानात मला फक्त हसू आलं होतं. लग्नानंतर पहिल्यांदा. घरी गेल्यावर वाटलं, ज्या गोष्टीवर आपण एवढं हसलो ती उद्यापासून कशी करायची?"

 परतीच्या गाडीत सुरेखाताईंनी तिकीट घडी करून बटव्यात ठेवलं. मग म्हणाल्या, "म्हंजी माज्यामुळं काई झालंच न्हाई म्हना की." त्यांना हायसं वाटलं होतं, आणि थोडा अपमानही. मी खिडकीबाहेर बघून हसले.

दिशा महिनाभर माहेरी होती. ह्या काळात अमृतनं तिला रोज फोन केला, आणि रोज तेच सांगितलं, आई अजून रागात आहे. त्याला वाटत होतं आपण मध्यस्थी करतोय. शेवटी एका जेवणाला, ऊस तुटून गेल्यानंतरच्या दिवसांत, रंगनाथराव बोलले. बोलले म्हणजे दोन वाक्यं. "पोरगी कामाला जाते म्हनती, पळून जाते म्हनत न्हाई. उद्या जाऊन घेऊन ये तिला."

सविताबाई उठून आत गेल्या. अमृत दुसऱ्या दिवशी जाऊन बायकोला घेऊन आला. कुणी कुणाच्या पाया पडलं नाही, कुणी कुणाला मिठी मारली नाही. तिनं पिशवी ठेवली आणि हात धुऊन भाजी चिरायला घेतली. पुढच्या सोमवारपासून ती राहुरीला जाऊ लागली. अमृत तिला सकाळी स्टँडवर सोडतो.

आळीतल्या बायकांनी रंगनाथरावांचं केवढं कौतुक केलं. देवमाणूस, म्हणाल्या. सुरेखाताईंना ते अजिबात पटलं नाही. "हे त्याला पहिल्याच दिवशी बोलता येत हुतं. वरीसभर तिच्या हातची भाकरी खाल्ली, तवा तोंड कशानं भरलं हुतं? ह्यो पन सिरियलमधलाच. शेवटच्या एपिसोडला उठून उभा ऱ्हानारा." मला वाटतं, त्यांचं बरोबर होतं. पण दिशाला त्याच्याशी काही घेणंदेणं नव्हतं. तिला जायला मिळत होतं.

लग्नसराई आली तशा बायका परत दुकानात येऊ लागल्या. आल्या आणि जणू काही झालंच नाही अशा थाटात बाकावर बसल्या. सुरेखाताईंनीही त्यांना काही ऐकवलं नाही, फक्त घाईचं काम म्हणून शिलाई वाढवून सांगितली. सविताबाई मात्र आल्या नाहीत. एका संध्याकाळी दिशा राहुरीहून येताना ब्लाउजचं कापड घेऊन आली आणि कसं शिवायचं ते सांगितलं. पुढून बंद गळा, मागे बटणं.

"आईंचं आहे," ती म्हणाली. "त्यांनी सांगितलंय, मी दिलंय असं सांगू नको."

"मग कुनाचं म्हनू?"

"माझं म्हणा."

सुरेखाताईंनी कापड उलगडून बघितलं. "तुजं म्हनून घेतलं आन सासूच्या मापाचं शिवलं, तर तू काय खाऊन एवढी सुटलीस, असं विचारत्याल लोक." पण त्यांनी ते घेतलं, आणि सविताबाईंचं माप त्यांना तोंडपाठ होतं.

टीव्हीही परत लागला, कारण गिऱ्हाइकांना नमुने हवे होते. मुकुटाचा प्रश्न दरम्यान मिटला होता. म्हणजे तो कुणी सोडवला नाही. सिरियलनं वीस वर्षांची उडी मारली. ईश्वरी मेली, भिंतीवर तिचा हार घातलेला फोटो. आणि तिची मुलगी, तीच नटी, केस मोकळे सोडलेली, त्याच घरात लग्न होऊन आली. दूरच्या नात्यात वगैरे काहीतरी कारण होतं. पहिल्याच आठवड्यात तिच्यावर चोरीचा आळ आला. रंगुबाईंनी पदर डोळ्यांना लावला.

सुरेखाताईंनी उठून रिमोट घेतला आणि आवाज बंद केला.

"ऐकू न्हाई येत," रंगुबाई म्हणाल्या.

"ऐकन्यासारखं काय न्हाई त्यात. मला बाह्या बघायच्यात, बाह्यांना आवाज लागत न्हाई."

तेव्हापासून तसंच चालतं. टीव्ही चालू, आवाज बंद. आवाज नसला की त्या लोकांचं फार विचित्र दिसतं. एवढाले चेहरे डोळे मोठे करून एकमेकांकडे बघत उभे, ओठ हलतायत, मधेच कुणीतरी गर्रकन वळतंय, कुणाच्या हातातून ताट पडतंय आणि त्याचाही आवाज नाही. सुरुवातीला बायका कुरकुरल्या. दोघी-तिघी उठून दुसरीकडे जाऊ लागल्या. ज्या राहिल्या त्या आपसात बोलू लागल्या, कुणाच्या मुलीची परीक्षा, कुणाच्या सुनेचं बाळंतपण, कांद्याचा भाव. मी तर हल्ली पडद्याकडे बघतही नाही. दिशा कधी कामावरून येता येता टेकते आणि लॅबमधलं सांगते, कोण सुई बघून बेशुद्ध पडलं, कोण उपाशी यायचं सोडून भजी खाऊन आलं. तिच्या हसण्याची आम्हाला आता सवय झालीय.

परवा एका नव्या सिरियलची जाहिरात लागली. गावातली मुलगी, पोलीस अधिकारी होण्याचं स्वप्न, आणि मग लग्न, एवढं आवाजाशिवायही कळलं. एका गिऱ्हाइकानं विचारलं, "ताई, ही बघायची का?"

सुरेखाताई सुईत दोरा ओवत होत्या. "तिला युनिफार्म घातला तर बघू. पैल्याच महिन्यात किचनमधी उभी केली तर न्हाई बघायची."

"उभी करत्यालच," रंगुबाई म्हणाल्या. त्यांच्या तोंडून हे ऐकून सुरेखाताईंचा दोरा हुकला.